हत्तीचं वजन किती भरलं?

एप्रिल २०१२ मध्ये शांघायच्या एका शाळेत पहिलीतल्या मुलाला परीक्षेत प्रश्न आला: तू खोंग रोंगच्या जागी असतास तर काय केलं असतंस? मुलानं लिहिलं, ‘मी नसती दिली.’ शिक्षकांनी लाल फुली मारली. वडिलांनी ती उत्तरपत्रिका वेबो या चिनी समाजमाध्यमावर टाकली आणि चीनभर वाद पेटला. खोंग रोंगची गोष्ट तिकडे प्रत्येक पोराला पाठ असते. चार वर्षांचा रोंग भावांबरोबर नासपती खायला बसला की नेहमी सगळ्यांत लहान फळ उचलायचा. का, असं विचारल्यावर म्हणाला, ‘मी लहान, म्हणून मला लहान.’ ‘सान त्झ चिंग’ हे तीन-तीन अक्षरांच्या ओळींचं बालपुस्तक सुमारे सातशे वर्षं मुलांकडून घोकून घेतलं जातंय, त्यातही हा रोंग आहे. शांघायच्या पोराचं म्हणणं एवढंच होतं, की चार वर्षांचं मूल असं वागणार नाही.

मग व्हायचं तेच झालं. एक बाजू म्हणाली, बघा, एकुलत्या एक लाडावलेल्या पिढीला नासपतीसुद्धा सोडवत नाही, संस्कार बुडाले. दुसरी म्हणाली, या सगळ्या जुन्या गोष्टीच बनावट, मुलांना ढोंग शिकवणाऱ्या, काढून टाका पुस्तकातून. असे वाद तिकडे दर काही वर्षांनी होतात. गोष्ट बदलते, भांडणाची रीत तीच राहते: ‘आदर्श’ विरुद्ध ‘खोटं’. मला दोन्ही पक्ष आळशी वाटतात, कारण दोघांनीही गोष्ट अर्धीच वाचलेली असते. माझं म्हणणं असं, की या गोष्टी पुस्तकात राहाव्यात. पण ‘हे असंच घडलं’ म्हणूनही नाही आणि ‘तूही असाच वाग’ म्हणूनही नाही. कुणी सांगितली, केव्हा सांगितली आणि सांगता सांगता काय गाळलं, एवढं तिच्याबरोबर शिकवलं, तर बनावट गोष्टही खऱ्याहून जास्त शिकवून जाते.

खोंग रोंगचंच घ्या. हा कन्फ्यूशियसचा विसाव्या पिढीतला वंशज, जन्म इसवी सन १५३. नासपतीचा प्रसंग त्याच्या घराण्याच्याच चरित्रातून आलेला, आणि आपल्यापर्यंत पोचला तो सातव्या शतकातल्या एका टीपेमुळे. म्हणजे पुरावा काय, तर घरच्यांनी केलेलं कौतुक! पण हा पोरगा मोठा झाल्यावर काय झाला, हे बालपुस्तक सांगत नाही. मोठेपणी तो हान घराण्याच्या दरबारातला सगळ्यांत तिखट जिभेचा माणूस झाला. सत्ताधीश त्साओ त्साओनं दारूबंदी केली, तर यानं त्याची टर उडवणारी पत्रं लिहिली. २०४ साली शत्रूचं येचेंग शहर पडल्यावर त्साओ त्साओच्या मुलानं हरलेल्या घराण्याची सून आपल्या घरात आणली. खोंग रोंगनं लगेच त्साओ त्साओला लिहिलं, की पूर्वी चौ घराण्याच्या राजा वूनंही शांग राजाला हरवल्यावर त्याची लाडकी दाची आपल्या भावाला, चौच्या ड्यूकला देऊन टाकली होती. त्साओ त्साओ वाचलेला माणूस. त्यानं पुढे कधीतरी विचारलं, हे कुठल्या ग्रंथात आहे? खोंग रोंगचं उत्तर होतं: आजचं बघून वाटलं, तेव्हाही असंच झालं असणार. या उत्तरातला ‘श्यांग-तांग-रान’ हा शब्दप्रयोग आजही चिनी बोलण्यात आहे. माहिती न घेता ‘असेलच तसं’ म्हणून ठोकून देणाऱ्यासाठी तो वापरतात.

म्हणजे ज्या माणसाच्या बालपणीच्या गोष्टीवरून खरी की खोटी म्हणून देश भांडला, तो स्वतः इतिहास बनवून सांगण्यात पटाईत होता, आणि तेही थेट राज्यकर्त्याच्या तोंडावर, त्याला टोचण्यासाठी. ही गंमत त्या पहिलीच्या पोराला सांगितली असती तर त्याचे संस्कार बुडाले असते का?

शेवट गमतीचा नाही. २०८ साली त्साओ त्साओनं त्याला मारलं. आरोपांपैकी एक होता आईबापांच्या अवहेलनेचा. मुलावर बापाचं कसलं प्रेम, ते तर वासनेचं फळ. आणि मूल आईच्या पोटात म्हणजे मडक्यात ठेवलेली वस्तू, बाहेर आली की संबंध संपला, असं खोंग रोंग म्हणाल्याचं आरोपपत्रात लिहिलं होतं. तो खरंच असं म्हणाला का? आरोपपत्र लिहिणारा त्साओ त्साओच्या पदरचा होता, एवढं लक्षात ठेवावं. आणि हाच त्साओ त्साओ पुढे २१७ च्या फर्मानात म्हणतो, की माणूस निर्दय असो, आईबापांना न विचारणारा असो, राज्य चालवायची किंवा फौज हाकायची अक्कल असेल तर त्याचं नाव कळवा. ही विसंगती लू शुन या लेखकानं १९२७ च्या ग्वांगचौमधल्या व्याख्यानात नेमकी पकडली होती. खोंग रोंगला धरायला शिपाई आले तेव्हा त्याची दोन मुलं खेळत बसली होती. बापानं विचारलं, पोरांना तरी सोडाल ना? त्यावर मुलंच म्हणाली, घरटं उलथल्यावर अंडी कधी शाबूत राहिलीत का? त्यांनाही मारलं. लहान फळ उचलणारा पोरगा आणि आईबापांच्या अवहेलनेचा आरोपी एकच आहे, हे ज्याला कळलं, त्याला सद्गुण आणि सत्ता यांच्यातल्या सौद्याबद्दल आणखी काय शिकवायचं उरतं?

आता समोरच्यांचं म्हणणं. ‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांच्या हातातला सगळ्यांत जड दगड म्हणजे ‘चोवीस पितृभक्त’. युआन काळात एकत्र केलेल्या या कथांमध्ये ग्वो ज्यू नावाच्या गरिबाची गोष्ट आहे. त्याची आई स्वतःच्या ताटातला घास तीन वर्षांच्या नातवाला भरवायची. ग्वो ज्यूनं हिशेब केला, की मूल पुन्हा होईल, आई पुन्हा मिळणार नाही, आणि पोराला जिवंत पुरायला खड्डा खणायला घेतला. खड्ड्यात सोन्यानं भरलेलं भांडं निघालं, म्हणून पोर वाचलं. शिवलीलामृतातला चिलया उखळात कांडला जाताना ऐकत जे वाढले, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. तिथेही शेवटी देव मूल परत देतो आणि ऐकणारे निश्वास सोडतात. पण सोनं निघालं नसतं तर? १३९४ साली शान्तुंगमधल्या ज्यांग बोअर नावाच्या माणसानं आजारी आईसाठी नवस बोलला. आई बरी झाली, आणि त्यानं आपला तीन वर्षांचा मुलगा मारून नवस फेडला. इथे कुठलं भांडं निघालं नाही. मिंग घराण्याचा संस्थापक बादशहा काही हळव्या मनाचा नव्हता, हजारोंची मुंडकी त्यानं उडवली. पण हे ऐकून तोही भडकला. ज्यांगला शंभर फटके मारून हायनान बेटावर हद्दपार केलं, आणि मांडी कापून मांस खाऊ घालणं, बर्फावर झोपणं असल्या पितृभक्तीला यापुढे सरकारी सन्मान नाही, असा नियम झाला. बर्फावर झोपून सावत्र आईसाठी मासे मिळवणारा वांग श्यांग त्या चोविसांतलाच एक.

तेव्हा गोष्टींनी माणसं मरतात हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘शेवटी गोष्टच ती’ म्हणणाऱ्यांनी त्या तीन वर्षांच्या पोराला उत्तर द्यावं. पण यावर उपाय काय? ज्यानं या कथांवर सगळ्यांत घणाघाती लिहिलं, त्या लू शुनकडेच बघू. १९२६ च्या लेखात तो सांगतो, की लहानपणी हे चित्रमय पुस्तक हाती आल्यावर तो घाबरून गेला. घरची परिस्थिती खालावत होती. बापानं ग्वो ज्यूचा आदर्श घ्यायचा ठरवलं तर खड्ड्यात जाणारा आपणच! पांढऱ्या केसांच्या आजीकडे बघताना त्याला वाटायला लागलं, की ही आणि आपण एकत्र जगू शकत नाही. असल्या पुस्तकावर त्यानं नुसती थुंकी टाकली असती तरी कुणी दोष दिला नसता. त्यानं काय केलं? जुनी पुस्तकं काढली. चोविसांतला लाओ लायझी सत्तरीचा म्हातारा, त्याहून म्हाताऱ्या आईबापांना रिझवायला रंगीबेरंगी कपडे घालून मुद्दाम पडतो आणि तान्ह्यासारखा रडतो. लू शुनला याची शिसारी होती. पण आणखी जुन्या प्रतीत त्याला दिसलं, की म्हातारा आईबापांना पाणी नेताना खरंच पाय घसरून पडला होता. त्यांच्या जिवाला लागू नये म्हणून त्यानं ते पोरखेळावर नेलं. एकच शब्द बदलला, ‘पडला’चं ‘पडल्याचं सोंग केलं’ झालं, आणि माणुसकीची गोष्ट किळसवाणी झाली. गोष्ट कुठे नासली, कुणी नासवली, हे लू शुनला दाखवता आलं कारण दोन्ही पाठ त्याच्यासमोर होते. पुस्तकातून गोष्ट काढून टाकणारा हा पुरावाच नष्ट करतो. आणि काढून टाकल्यानं ती मरत नाही; देवळाच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, आजीच्या तोंडी ती राहतेच, फक्त तिला प्रश्न विचारायची जागा तेवढी जाते. २०१२ मध्येच चीनच्या महिला महासंघानं नवे चोवीस पितृभक्तीचे नियम काढले: आईवडिलांना आठवड्याला फोन करा, इंटरनेट शिकवा वगैरे. कुणाचा जीव जाणार नाही हे खरं, पण लक्षातही कुणाच्या राहणार नाही.

दुसरा आक्षेप सत्तेचा. गोष्टी म्हणजे राज्यकर्त्यांची तयार हत्यारं, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. नव्वदीला आलेला ‘मूर्ख म्हातारा’ दारापुढचे दोन डोंगर टोपलीनं हलवायला घेतो, ही ‘लिएझी’ या प्राचीन ग्रंथातली कथा. जून १९४५ मध्ये माओनं कम्युनिस्ट पक्षाच्या सातव्या अधिवेशनाच्या समारोपात ती सांगितली: एक डोंगर साम्राज्यवाद, दुसरा सरंजामशाही, आणि डोंगर उचलणारा देव म्हणजे जनता. पुढे सांस्कृतिक क्रांतीत ते भाषण लोकांना पाठ करावं लागलं. पण माओच्या त्या भाषणाआधी पाचच वर्षं श्यू पेइहोंग या चित्रकारानं हाच म्हातारा भव्य कॅनव्हासवर रंगवला होता, जपानशी झुंजणाऱ्या देशासाठी. आणि तो रंगवला भारतात मुक्कामाला असताना, भारतीय माणसं समोर उभी करून. त्या चित्रातले डोंगर फोडणारे उघडे धिप्पाड देह आपल्याकडचे आहेत! आज चिनी वर्गात मुलं विचारतात, म्हाताऱ्यानं घरच का हलवलं नाही? सत्तेनं गोष्ट वापरली म्हणजे ती सत्तेची झाली असं होत नाही. तसं असतं तर माओच्या भाषणानंतर हा प्रश्न विचारायची कुणाला इच्छाच उरली नसती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, म्हणून त्यावर जास्त बोलतो. तो असा: तुमचे युक्तिवाद ठेवा बाजूला, पण जे घडलंच नाही ते खऱ्या माणसाच्या नावानं पाठ्यपुस्तकात छापणं म्हणजे फसवणूक. मूल मोठं झाल्यावर त्याला कळतं, मग ते खऱ्या इतिहासावरही विश्वास ठेवत नाही.

याची चाचणी घ्यायला हत्तीइतकं चांगलं काही नाही. चीनच्या दुसरीच्या भाषेच्या पुस्तकात आजही एक धडा आहे: त्साओ छोंग हत्ती तोलतो. हा त्साओ त्साओचा लाडका मुलगा, १९६ चा जन्म. दक्षिणेचा सत्ताधीश सुन छुआन यानं हत्ती भेट पाठवला. केवढ्याचा असेल, कुणालाच सांगता येईना. पाच-सहा वर्षांचं पोर म्हणालं, हत्तीला मोठ्या नावेत चढवा, पाणी कुठवर आलं तिथे खूण करा, मग त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतक्या वस्तू तोलून भरा. ही हकीकत चेन शौच्या ‘तीन राज्यांच्या इतिहासा’त आहे, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या अखेरच्या, चांगल्या मानल्या गेलेल्या ग्रंथात. तरी छिंग काळात ह च्वो या विद्वानानं शंका काढली: त्साओ छोंग पाच-सहा वर्षांचा असताना सुन छुआन नुकता गादीवर आलेला, जिथे हत्ती मिळायचे तो अगदी दक्षिणेचा मुलूख त्याच्या वर्चस्वाखाली आला २१० मध्ये, आणि पोर तर २०८ मध्येच वारलं. मग हत्ती आला कुठून?

त्याचं उत्तर १९३० मध्ये चेन यिनको या इतिहासकारानं दिलं. संस्कृत येणारा माणूस. त्यानं बोट ठेवलं ‘विविध रत्नांची पेटी’ या बौद्ध कथासंग्रहावर, ज्याचं चिनी भाषांतर ४७२ मध्ये झालं. त्यात एक राज्य आहे जिथे म्हाताऱ्यांना हाकलून देतात. एक मंत्री बापाला तळघरात लपवतो. एक देव येऊन राजाला कोडी घालतो, सुटली नाहीत तर राज्य बुडवीन म्हणतो. त्यातलं एक कोडं: या थोरल्या पांढऱ्या हत्तीचं वजन किती? तळघरातला बाप सांगतो, नावेत चढव, खूण कर, मग दगड भर. चेन यिनकोचं म्हणणं, ही भारतातून कानोकानी आलेली गोष्ट राजपुत्राच्या चरित्रात शिरली. यावरचा बिनतोड आक्षेप त्यालाही ठाऊक होता: चेन शौ २९७ मध्ये वारला, भाषांतर पावणेदोनशे वर्षांनी झालं. त्याचं उत्तर असं, की पुस्तकाच्या आधी गोष्टी तोंडी चालत येतात. मला ते पटतं. मात्र हा पुरावा नव्हे, अंदाज आहे, हेही कबूल केलं पाहिजे.

आणि आता हा हत्ती आपल्या अंगणात येतो. पुण्याजवळ भीमा-भामा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर आहे. आदिलशाहीचा वजीर मुरार जगदेव यानं १६३३ च्या सुमारास इथे तुला केली, हत्तीच्या वजनाइतकं दान द्यायचं ठरवलं, पण हत्ती तोलायचा कसा? शहाजीराजांनी सांगितलं: नावेत चढवा, खूण करा, दगड भरा. गावाला नाव तेव्हापासून तुळापूर, असं सांगतात. ही तुलना निघाली की आपल्याकडेही तीच दोन टोकं तयार होतात. एक म्हणणार, शहाजीराजांची गोष्ट चीनमधून उचलली, म्हणजे थाप. दुसरा म्हणणार, मुळात आपलीच, चिन्यांनी पळवली. दोघांनाही मी विचारीन, की युक्ती आधीच्या गोष्टीत सापडली म्हणजे ती संगमावर घडली नाही, हे कसं ठरलं? शेकडो वर्षं जी गोष्ट कीर्तनात, दरबारात, धर्मशाळांत फिरते, ती ऐकलेल्या हुशार माणसानं वेळ आल्यावर ती करून दाखवली, हे अशक्य आहे का? गोष्ट घटनेतून निघते तशी घटनाही गोष्टीतून निघू शकते. मग ‘खरी की खोटी’ या तराजूत तुळापूर कुठल्या पारड्यात घालणार?

त्यापेक्षा बघण्यासारखं हे आहे, की हत्ती तोच, नाव तीच, पण शहाणपण कुणाच्या तोंडी दिलं? बौद्ध कथेत ते म्हाताऱ्याच्या तोंडी आहे, कारण ती म्हाताऱ्यांना हाकलणाऱ्या राज्याला सुनवायची होती. चीनमध्ये ते अल्पायुषी राजपुत्राच्या तोंडी गेलं. बापाला खरं तर याच मुलाला वारस करायचं होतं. तो तेराव्या वर्षी आजारी पडला तेव्हा त्साओ त्साओ हळहळला, की वैद्य ह्वा त्वोला मी मारायला नको होतं. ह्वा त्वोला मारणारा हाच, आणि मुलगा गेला तेही २०८, खोंग रोंगचंच साल. तुळापुरात ते शहाणपण एका दख्खनी सरदाराकडे आलं, ज्याच्या मुलानं पुढे राज्य उभं केलं. थोराच्या बापाची थोरवी लोकांना हवीच होती. एकच गोष्ट तीन ठिकाणी ठेवून बघितली की प्रत्येक समाजाला कुणाची हुशारी मिरवायची होती ते उघडं पडतं. फसवणुकीचा आक्षेप इथे विरघळतो. मूल फसतं ते एकच पाठ दाखवल्यामुळे. तीन पाठ दिलेलं मूल फसत नाही, ते तुलना करायला लागतं.

दुसरीच्या मुलाला हे झेपेल का, असं कुणी म्हणेल. तपशील झेपणार नाहीत, सनावळ्या तर नकोतच. पण ‘हीच गोष्ट दुसऱ्या गावात म्हाताऱ्या आजोबांची म्हणून सांगतात, तुला का वाटतं असं?’ एवढं विचारायला काय हरकत आहे? मुलांची बुद्धी आपण समजतो त्याहून चलाख असते. चिनी वर्गांत हा धडा चालू असताना हमखास एखादं पोर म्हणतं, दगड कशाला उचलत बसायचे, माणसंच चढवा, ती आपली आपण चालत येतील आणि उतरून जातील.

ही सूचना चेन शौच्या मूळ मजकुराशी जुळतेसुद्धा. त्यात दगड नाहीतच, नुसत्या ‘वस्तू’ आहेत. दगड बौद्ध कथेत आहेत, तुळापुरात आहेत आणि आजच्या पाठ्यपुस्तकात आहेत. चेन शौ पुढे एवढंच लिहितो, की त्साओ त्साओ खूश झाला आणि त्यानं लगेच तसं करायला लावलं. मग तो पुढच्या प्रसंगाकडे वळतो. हत्तीचं वजन किती भरलं, ते त्यानं लिहिलेलं नाही.